लांबलचक पाथला छोटं नाव: सब्स्ट, एमकेलिंक की आणखी काही?

अनघा_त

मंडळी, तांत्रिक प्रश्न आहे, पण मी तांत्रिक नाही. त्यामुळे जरा सांभाळून घ्या.

आम्ही काही जण हौसेने जुन्या मराठी मासिकांचं स्कॅनिंग करतोय. फोल्डरांची रचना ज्याने सुरुवातीला केली तो फारच शिस्तीचा माणूस. आज एखाद्या पानापर्यंत पोचायचं तर असा रस्ता आहे:

डी:\ग्रंथसंग्रह\स्कॅन केलेले\नियतकालिके\मासिके\१९३१ ते १९४०\दिवाळी अंक\तपासलेले\अंतिम\

याच्यापुढे अंकाचं नाव, मग लेखाचं पूर्ण शीर्षक, मग पान क्रमांक. त्या काळच्या लेखांची शीर्षकं म्हणजे काय विचारता, निम्मा लेख शीर्षकातच! आता कॉपी करताना विंडोज म्हणतं पाथ फार लांब आहे, आणि एक्सेल तर त्याच्याही आधी हात वर करतं. डेस्कटॉपवर शॉर्टकट करून पाहिला. क्लिक करायला ठीक आहे, पण ओसीआरचा (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा) प्रोग्रॅम त्याला फोल्डर मानायला तयार नाही.

एवढ्या मोठ्या पाथला एक छोटं नाव द्यायचं आणि सगळ्या प्रोग्रॅमांनी ते गुमान मानायचं, असं काही असतं का? 'सब्स्ट' असा शब्द कानावर आलाय. बहुतेकांकडे विंडोज १० आहे, दोघांकडे लिनक्स.

चौथा_कप

फोल्डरांची नावं छोटी करा. धागा संपला. :)

अनघा_त

@चौथा_कप, एक्सेलच्या यादीत हजारो नोंदी आहेत आणि प्रत्येकीत जुना पाथ आहे. नावं बदलली की सगळे दुवे तुटतील. म्हणून तर इथे आले.

रात्रपाळी

बरोबर ऐकलंत ताई. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही ओळ द्या (इथे देवनागरीत लिहितोय, तिथे रोमनमध्ये टाका):

सब्स्ट एम: "डी:\ग्रंथसंग्रह\स्कॅन केलेले\नियतकालिके\मासिके"

आता 'एम:' नावाचा नवा ड्राइव्ह दिसेल. ओसीआर, एक्सेल, सगळ्यांना तो खराखुरा ड्राइव्ह वाटतो. डॉस ३.१ पासूनची सोय आहे. शॉर्टकट चालला नाही कारण ती फक्त एक छोटी फाइल असते. एक्सप्लोररला ती वाचता येते, बाकी प्रोग्रॅमांना बहुधा नाही.

खोड एवढीच की मशीन रीस्टार्ट केलं की एम: गायब. ओळ बॅच फाइलमध्ये (कमांडांची यादी असलेली साधी फाइल) घालून स्टार्टअपला टाकायची. आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेल्या प्रोग्रॅमला हा ड्राइव्ह दिसत नाही, कारण विंडोज प्रत्येक लॉगऑनचे असे ड्राइव्ह वेगळे ठेवतं. यावर लोक तासन् तास डोकं फोडतात.

बोरीबंदर

सब्स्ट वाचलं आणि राहवलं नाही. ही कल्पना जिथे पूर्ण फुललेली मी पाहिली ती जागा म्हणजे व्हीएमएस. १९७७च्या ऑक्टोबरात डिजिटल कंपनीने व्हॅक्स-११/७८० जाहीर केला, त्याच्यासोबतची ही ऑपरेटिंग सिस्टिम. नव्वदच्या दशकात मी एका कारखान्याच्या संगणक विभागात तिच्यावर होतो.

तिथे फाइलचा पूर्ण पत्ता असा असायचा:

नोड::डिस्क:[डिरेक्टरी.उपडिरेक्टरी]फाइल.प्रकार;आवृत्ती

हे रोज कोण टाइप करणार? म्हणून लॉजिकल नेम. अनघाताईंच्या भाषेत सांगायचं तर:

डिफाईन मासिक डीयूए१:[ग्रंथ.स्कॅन.मासिक]

की झालं. मग तुम्ही कुठल्याही डिरेक्टरीत उभे असा, 'डिर मासिक:' म्हटलं की यादी समोर. प्रोग्रॅमातसुद्धा फाइल उघडताना 'मासिक:अनुक्रम.डॅट' एवढंच लिहायचं. 'शो लॉजिकल मासिक' म्हटलं की नावामागे काय दडलंय ते कळतं.

पण टायपिंग वाचतं हा त्यातला सगळ्यात किरकोळ फायदा. डिस्क भरत आली की आम्ही रात्री सगळा डेटा डीयूए१ वरून डीयूए३ वर हलवायचो, डिफाईनची एक ओळ बदलायचो आणि घरी जायचो. सकाळच्या पाळीचे ऑपरेटर यायचे, काम सुरू करायचे, त्यांना काही कळायचंही नाही. एकाही प्रोग्रॅमला हात लावायला लागायचा नाही. डेटा कुठे आहे हे प्रोग्रॅमला माहीतच नसायचं, आणि ते त्याला माहीत नसणं हीच सगळी गंमत.

शिवाय नावांचे तक्ते चार. प्रोसेस (चालू असलेलं एक काम) म्हणजे माझ्यापुरतं, जॉब म्हणजे मी आणि माझ्या पोटातल्या प्रोसेस, ग्रुप म्हणजे आमचा गट, आणि सिस्टिम म्हणजे सगळे. नाव दिसलं की शोध याच क्रमाने. सिस्टिमच्या तक्त्यात लिहायला खास अधिकार लागायचा, उगाच कुणीही उठून लिहू शकत नसे. रोज हवीत ती आपली नावं आपल्या लॉगिन.कॉम या कमांड फाइलीत, सगळ्यांची सायलॉजिकल्स.कॉम मध्ये.

चौथा_कप

काका, व्हीएमएसमध्ये सगळीकडे 'सिस$लॉगिन', 'सिस$सिस्टिम' असे डॉलर का असतात हो?

बोरीबंदर

डॉलरवाली नावं कंपनीने स्वतःसाठी राखून ठेवलेली, म्हणजे तुमची आणि त्यांची टक्कर नको. आमचे साहेब मात्र म्हणायचे, परवान्याचे किती मोजले ते विसरू नये म्हणून.

कोबोलकर

बोरीबंदर यांचा प्रतिसाद आवडला, पण कल्पनेचं श्रेय डिजिटलला देऊ नका. आयबीएमच्या ओएस/३६० मध्ये, म्हणजे १९६०च्या दशकातच, जेसीएलचं (कुठलं काम कुठल्या फाइलींवर चालवायचं ते सांगणारी भाषा) डीडी स्टेटमेंट होतं. कोबोलमध्ये 'सिलेक्ट … असाइन टू' करून फक्त एक डीडी-नाव द्यायचं, आठ अक्षरांच्या आतलं. खरा डेटासेट (म्हणजे फाइल) कुठला ते जेसीएल ठरवणार. डेटासेटचं पूर्ण नाव ४४ अक्षरांपर्यंत, ते प्रोग्रॅमात कधीच यायचं नाही. टेस्टिंगला एक जेसीएल, प्रॉडक्शनला दुसरं, प्रोग्रॅम तोच. वायटूकेच्या लाटेत इथून गेलेल्या माझ्या पिढीने यावरच घरं बांधली.

बोरीबंदर

मान्य, वडीलधारे तुम्हीच. पण तुमचं डीडी-नाव जॉबच्या पायरीपुरतं. पायरी संपली, नाव संपलं. आमचं नाव सिस्टिमभर, मशीन बंद होईपर्यंत. शिवाय आमच्याकडे एका नावामागे अनेक डिरेक्टऱ्यांची रांग लावता यायची.

कोबोलकर

रांग आमच्याकडेही लागते हो! एका डीडीखाली बिननावाचे आणखी डीडी लिहिले की झालं कॉन्कॅटिनेशन, म्हणजे जोडणी. प्रोग्रॅम कुठल्या लायब्रऱ्यांत शोधायचे ते सांगणारं स्टेपलिब कुणी पाहिलं नाही का इथे?

चौथा_कप

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बुजुर्गांचा सामना, पंच कोण?

बोरीबंदर

ठीक, रांगेचा मुद्दा मागे घेतो. पण ती वापरायची कशी ते सांगतो, कारण यातच मजा आहे.

डिफाईन कार्यक्रम [माझी.चाचणी], डीयूए१:[सर्वांची.आवृत्ती]

आता 'कार्यक्रम:' मधून फाइल मागितली की आधी माझ्या चाचणीच्या डिरेक्टरीत बघणार, नसेल तर सर्वांच्या. बदललेल्या दोनच फाइली माझ्याकडे, बाकीचं सगळं सामाईक. पूर्ण प्रत करायची गरज नाही. नवी फाइल लिहिली तर ती रांगेतल्या पहिल्या जागी पडते, म्हणजे सर्वांच्या आवृत्तीला धक्का नाही. व्हीएमएस स्वतः हेच करायची. क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या मशीनांच्या गटात, अनेक मशीनं एकाच सिस्टिम डिस्कवरून चालायची आणि 'सिस$सिसरूट' ही रांगच असायची: आधी 'सिस$स्पेसिफिक', म्हणजे या मशीनचं खास, मग 'सिस$कॉमन', म्हणजे सगळ्यांचं.

शंकेखोर

सगळे गोडवे वाचले, आता कडू घोट. मी असल्या नावांच्या जंगलात काम केलंय (व्हीएमएस नाही, युनिक्सवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रॅमांसाठी सांगून ठेवलेली नावं). एका नावामागे दुसरं नाव, त्याच्यामागे तिसरं. ज्याने ठेवली तो नोकरी सोडून गेला. 'डेटा_मुख्य' म्हणजे नक्की कुठली डिस्क, हे शोधायला चार स्क्रिप्टा उलगडायच्या. शेवटी कळायचं की 'मुख्य' नावाचा डेटा ज्या जागी आहे तिचा बॅकअपच होत नाही. पूर्ण पाथ कुरूप असेल, पण खोटं बोलत नाही.

आणि काका, प्रोसेस आधी, सिस्टिम नंतर, हा क्रम म्हणजे घात आहे. मी माझ्यापुरतं 'मासिक' नाव दुसरीकडे वळवलं आणि विसरलो, की माझं काम कुठल्या तरी भलत्याच जागी पडणार आणि बाकीच्यांचं बरोबर जागी.

बोरीबंदर

@शंकेखोर, आरोप मान्य. यापेक्षा वाईट सांगू? फाइलचं नुसतं नाव दिलं, प्रकार दिला नाही, तर व्हीएमएस आधी ते लॉजिकल नेम आहे का ते बघायची. 'डेटा' नावाचं लॉजिकल असेल आणि तुम्ही साध्या मनाने 'डेटा' नावाची फाइल करायला गेलात, की ती गेली परगावी. तात्पुरतं वळवायचं असेल तर 'डिफाईन/यूजर' होतं, पुढचा एक प्रोग्रॅम संपला की नाव आपोआप पुसलं जायचं. पण ते लक्षात ठेवून वापरणारे थोडे.

वावरातला

मला संगणकातलं फार कळत नाही, धागा गावाकडचा वाटला म्हणून लिहितो. आमच्या घरात शेतांना नावं आहेत. आंब्याचं वावर, चिंचेखालचं, पाणथळ. सातबाऱ्यावर आधी सर्व्हे नंबर होते. जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा गट नंबर आले, सगळे आकडे बदलले. पण सकाळी गड्याला कुठे जायचं ते सांगताना आजी 'आंब्याच्या वावरात' म्हणायची, नंतरही तेच. गट नंबर फक्त तलाठ्याकडे.

शंकेखोर म्हणतात तेही खरं आहे. आंबा कधीच पडलाय. नवीन सुनेला ते वावर कुठलं हे दाखवावंच लागतं.

कोबोलकर

@वावरातला, दंडवत. आमच्या दोघांच्या भांडणाचा निकाल तुम्ही लावलात.

सह्यकडा

लिनक्सवाल्या दोघांसाठी लिहितो. सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारे दुवे) वापरा, ते फाइलसिस्टिममध्येच असतात. ४.२बीएसडी (१९८३) पासून आहेत. 'एलएन -एस खरा-पाथ छोटं-नाव'. रीस्टार्टनंतरही राहतात, सगळे प्रोग्रॅम मानतात. फक्त स्वतःला टाइप करायचा कंटाळा असेल तर बॅशमध्ये सीडीपाथ, झेडशेलमध्ये 'हॅश -डी मा=…' करून नुसतं '~मा' (तेही रोमनमध्येच हं). पण ही दोन शेलपुरती (जिथे कमांड टाइप करतो तो प्रोग्रॅम), ओसीआरला यातलं काही कळणार नाही.

आता खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगितली नाही. लिनक्सवर एका फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट खातो, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे घटक. 'ज्ञानेश्वरी' घ्या: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. ११ घटक, ३३ बाइट. म्हणजे नावात जेमतेम ८५ घटक बसतात. विंडोजमध्ये एका नावात असे २५५ घटक चालतात. ताईंनी शंभर घटकांचं शीर्षक विंडोजवर आनंदाने ठेवलं असेल, पण ती फाइल लिनक्सच्या डिस्कवर कॉपीच होणार नाही. आणि इथे सब्स्ट, सिमलिंक, लॉजिकल नेम, कशाचाही उपयोग नाही. छोटं नाव रस्त्याला देता येतं, फाइलच्या स्वतःच्या नावाला नाही.

अनघा_त

अरे देवा. लिनक्सवाला एक जण 'काही फाइली येतच नाहीत' म्हणतोय ते हेच असणार. आम्ही पेनड्राइव्हला बोल लावत होतो.

डब्यातला_प्रवासी

अवांतर: ते व्हीएमएस आता संग्रहालयात असेल ना?

बोरीबंदर

@डब्यातला_प्रवासी, रेल्वेचं आरक्षण केलंय ना कधी? क्रिस या रेल्वेच्या संगणक संस्थेची 'कॉन्सर्ट' ही आरक्षण प्रणाली ओपनव्हीएमएसवर उभी राहिली, मुंबईचं केंद्र धरून. तुमच्या आयडीला तरी हे शोभत नाही!

डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली. आता व्हीएमएस सॉफ्टवेअर नावाची कंपनी ती सांभाळते, आणि २०२२ मध्ये ९.२ ही आवृत्ती साध्या एक्स८६ मशीनांवरही आली. लॉजिकल नेम तिच्यात जशीच्या तशी आहेत.

रात्रपाळी

अवांतरात आणखी भर. व्हीएमएसच्या मुख्य रचनाकारांपैकी डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेले आणि तिथे विंडोज एनटी उभं केलं. आपण ज्याला 'सी:' म्हणतो तो एनटीच्या पोटात नुसता एक दुवा आहे, '\डिव्हाइस\हार्डडिस्कव्हॉल्यूम…' अशा कुठल्यातरी खऱ्या नावाकडे. सब्स्ट तसाच आणखी एक दुवा बनवतं, एवढंच. म्हणजे विंडोजमध्ये आपण सगळे रोज लॉजिकल नावंच वापरतोय, फक्त ती एका अक्षराची आहेत.

चौथा_कप

म्हणजे २६ नावं मिळाली, त्यातली ए आणि बी फ्लॉपीने खाल्ली. मायक्रोसॉफ्टने काकांचा वाडा घेतला आणि त्याच्या खोल्या करून भाड्याने दिल्या.

नेटवर्कवाला

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? सब्स्टचा सल्ला अर्धवट आहे आणि उलटू शकतो.

विंडोजची जुनी मर्यादा २६० ची आहे, त्यात ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटचा अदृश्य शून्यही आला. फोल्डर बनवताना २४८. एक्सेलची फाइल उघडायला २१८, म्हणून ते आधी रडतं. आता तुम्ही एम: केलात. एम: मधून पाथ छोटा दिसतो, म्हणून तुम्ही त्यात आणखी खोल फोल्डर आणि लांब फाइली आरामात बनवता. पण डी: वरून मोजलं तर त्या २६० च्या पलीकडे गेलेल्या असतात. बॅकअपचा प्रोग्रॅम डी: वरून चालतो, त्या फाइली त्याला उघडता येत नाहीत, आणि ते कुठल्यातरी लॉगच्या तळाशी लिहिलेलं असतं. एका ग्राहकाकडे हे पाहिलंय. तिथे शेवटी विंडोजच्या रोबोकॉपी या कमांडने सगळं उचललं, त्याला लांब पाथ चालतात.

विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'लाँगपाथ्सएनेबल्ड' १ केलं की मर्यादा उठते, पण ज्या प्रोग्रॅमांनी 'आम्हाला चालतं' असं जाहीर केलंय त्यांच्यापुरतीच. एक्सप्लोरर त्यांच्यात नाही.

दुसरं, तुम्ही अनेक जण आहात. तुमच्याकडे एम:, दुसऱ्याकडे एम: वर आधीच पेनड्राइव्ह. एक्सेलमधला दुवा एकाकडे चालेल, दुसऱ्याकडे नाही. कार्यालयांत यासाठी डीएफएस असतं. '\\संस्था\मासिके' असं एक नाव सगळ्यांना दिसतं, मागचा सर्व्हर बदलला तरी नाव तेच. काका सांगतात तीच गोष्ट, नेटवर्कभर. हौशी गटाला मात्र ते म्हणजे सर्व्हर आला, तो सांभाळणारा आला.

शंकेखोर

@नेटवर्कवाला +१. माझं मत: एक्सेलच्या नोंदींत पूर्ण पाथ मुळात असायलाच नको होता. एका पेशीत (सेलमध्ये) मूळ जागा लिहा, बाकी नोंदींत त्याच्यापुढचा तुकडा, आणि हायपरलिंकच्या सूत्राने दोन्ही जोडा. जागा बदलली की एक पेशी बदला. पूर्ण पाथ बदलून तुकडे ठेवायला शोधा-आणि-बदला पुरेल, सुरुवात सगळ्यांची सारखीच आहे.

बोरीबंदर

@शंकेखोर, अहो, इतका वेळ लॉजिकल नेमच्या विरुद्ध बोललात आणि शेवटी तेच सुचवलंत!

शंकेखोर

फरक आहे काका. ती पेशी यादीच्या पहिल्याच ओळीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नाव ठेवायला माझा विरोध नाही, लपवून ठेवायला आहे.

बोरीबंदर

हे पटलं. 'शो लॉजिकल' करायची तसदी घेणारे आमच्याकडेही मोजकेच होते.

अनघा_त

काल गटात चर्चा केली. असं ठरलंय: लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलच्या नावातून काढून यादीच्या रकान्यात जाणार आणि फाइलला फक्त मासिकाची खूण, वर्ष, महिना, पान. सह्यकडा यांचा हिशेब वाचल्यावर त्याला इलाजच नव्हता. सगळा संग्रह डी:\मा या खऱ्याखुऱ्या छोट्या फोल्डरात हलवतोय. म्हणजे @चौथा_कप, तुमचं पहिलं उत्तर निम्मं बरोबर होतं, पण जास्त हवेत जाऊ नका. मूळ पाथ एका पेशीत ठेवायची कल्पना घेतली. लिनक्सवाल्यांची पेशी वेगळी राहील.

एकच अडचण उरली. ओसीआरच्या जुन्या कामांच्या फाइलींमध्ये तो लांब पाथ पक्का बसलाय आणि त्या हाताने उघडून बदलणं शक्य नाही.

रात्रपाळी

मग तिथे उलटं करा. जुन्या लांब पाथच्या जागी जंक्शन ठेवा, ते नव्या छोट्या जागेकडे बोट दाखवेल:

एमकेलिंक /जे "डी:\ग्रंथसंग्रह\…\मासिके" डी:\मा

रीस्टार्टनंतरही टिकतं. मात्र जुन्या जागी खरा 'मासिके' फोल्डर उरलेला नसावा, नाहीतर कमांड नकार देईल. आणि क्रम बघून घ्या: एमकेलिंकमध्ये दुव्याचं नाव आधी, खरी जागा नंतर. लिनक्सच्या एलएनमध्ये बरोबर उलटं.

बोरीबंदर

आमच्याकडे हा गोंधळ एकाच घरात होता. डिफाईनमध्ये नाव आधी, असाइनमध्ये नाव नंतर, काम दोघांचं एकच.

नेटवर्कवाला

अनघाताई, काम झाल्यावर ते जंक्शन काढाल तेव्हा 'आरडी' (फोल्डर काढायची कमांड) वापरा, तेही नुसतं. 'डेल' देऊ नका, ते दुवा ठेवून आतल्या खऱ्या फाइलीच पुसायला निघेल. आणि बॅकअपचा प्रोग्रॅम जंक्शनमध्ये शिरतो का ते बघून घ्या. शिरत असेल तर सगळा संग्रह दोनदा उचलेल. रोबोकॉपी वापरत असाल तर '/एक्सजे' द्या, ते जंक्शन वगळतं.

अनघा_त

नोंद केली. स्वयंसेवक हवेत, पान तपासणीला. इतकं लिहायला वेळ आहे म्हणजे तुमच्यापैकी काहींना नक्कीच असेल. व्यनि करा.

चौथा_कप

माझं नेट गेलं.